सोसायटीची बस बंद झाली, आता मंडईला कसं जायचं?

ज्येष्ठांचा प्रवास : वाचकांचे प्रश्न
(उत्तरं देणारे पीएमपीतून, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेतून, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं बावधनला, ज्येष्ठ नागरिकांसाठी बांधलेल्या एका सोसायटीत राहतो. मी ७३ वर्षांची, हे ७९ चे. घर घेतलं तेव्हा जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की सोसायटीची स्वतःची बस असेल. आणि ती होतीही. सकाळी दहाला गेटवरून सुटायची, कोथरूड, डेक्कन, मंडई असं करत जेवायच्या वेळेला परत आणून सोडायची. ड्रायव्हर सगळ्यांना नावानं ओळखायचा. परतताना एखादं माणूस दिसलं नाही तर थांबून फोन करायचा. गेल्या महिन्यापासून बस बंद झाली. एजन्सीनं दर वाढवले, आणि ज्यांच्याकडे गाड्या आहेत ते म्हणाले, आमच्या मेंटेनन्समधून तुमची बस कशाला? सभेत हात वर झाले आणि विषय संपला. कमिटी म्हणते, पीएमपी आहे, मेट्रो आहे, ओला-उबर आहे, मग अडतंय कुठं? यांना काचबिंदू आहे, तपासणीला डेक्कनला जावं लागतं. माझा भजनाचा वर्ग कोथरूडला असतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. भाजी दारातही मिळते, पण मंडईत गेलं की माहेरच्या पेठेतली चार माणसं भेटतात, आठवडा बरा जातो. मुलगा वाकडला असतो. त्याला दर वेळी रजा काढायला लावणं जिवावर येतं. बसथांबा रस्त्याच्या पलीकडे आहे आणि ती वाहनं बघून पाऊल पुढं पडत नाही. या सगळ्यानं आमच्या बसची जागा भरून निघेल का?
एक वाचक, बावधन, पुणे

उत्तर : ताई, सरळ सांगायचं तर, नाही. कुठल्याही एका गोष्टीनं ती जागा भरून निघणार नाही. पण तीन-चार गोष्टी नीट जोडल्या तर डॉक्टर, भजन आणि मंडई यातलं काहीच सोडावं लागणार नाही, हेही मी खात्रीनं सांगतो. माझी सगळी नोकरी बसगाड्यांत गेली, आधी कंडक्टर, मग कंट्रोलर. त्यामुळे "पीएमपी आहे, मेट्रो आहे" हे कमिटीचं बोलणं मला अर्धवट वाटतं. आहे, पण कुठं आहे? मेट्रो वनाझ स्थानकापर्यंतच आहे, तुम्ही बावधनला आहात, आणि मधे चांदणी चौक आहे. तुमचा सगळा प्रश्न या मधल्या तुकड्याचा आहे.

तुमची बस काय काय करत होती ते बघा. दारातून उचलत होती, बसायला जागा हमखास देत होती आणि परतताना डोकी मोजत होती. वनाझच्या पुढं शहरात नेण्याचं काम आज मेट्रो तुमच्या बसपेक्षा चांगलं करते. सकाळच्या वेळी कर्वे रस्त्यावर मिनीबस जितकी अडकते तितकं डिझेल आणि तितका ड्रायव्हरचा पगार सोसायटी सिग्नलवर उभं राहण्यासाठी मोजत होती. वाचवायला हवा तो गेट ते वनाझ एवढाच पट्टा. तो वाचला की बाकीचं जमतं.

म्हणून कमिटीला "बस परत सुरू करा" असा अर्ज देऊ नका. सभेत पडलेला विषय आहे, पुन्हा पडेल. "बस फक्त वनाझपर्यंत चालवा" असा अर्ज द्या, आणि सोबत हिशेब द्या. गाडी भाड्यानं घेताना एजन्सीवाले "आठ तास, ऐंशी किलोमीटर" किंवा "चार तास, चाळीस किलोमीटर" असा दर सांगतात. मंडईची एक फेरी केली की अर्ध्या दिवसाचं पॅकेज त्यातच संपतं. गेट ते वनाझ ४ किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन ८ होतात. चार फेऱ्या केल्या तरी ३२. म्हणजे त्याच पॅकेजमध्ये एकाऐवजी चार फेऱ्या बसतात, दोन सकाळी न्यायला, दोन दुपारी आणायला. त्याही सहा दिवस नकोत. मंगळवार, शुक्रवार आणि आणखी एखादा दिवस ठरवा. ज्याला डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे त्यानं ती त्या दिवसांतली घ्यावी. आठवड्याचे दिवस अर्धे झाले की खर्चही तसाच उतरतो, आणि मग गाडीवाल्या सभासदांशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असतं.

त्या गाडीवाल्यांना माझ्याकडून एक सांगा, रागानं नाही, आपुलकीनं. वयाच्या ५५ नंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. ज्येष्ठांच्या सोसायटीत आज स्वतः गाडी चालवणारा प्रत्येक जण कधी ना कधी किल्ली खाली ठेवणार आहे. मोतीबिंदू, मान, गुडघा, काहीतरी एक निमित्त होतं. तेव्हा गेटवर काही उभं असावं असं वाटत असेल तर ते आत्ता मोडू नका. एकदा बंद केलेली बस नव्यानं सुरू करायला चालू बस टिकवण्यापेक्षा कितीतरी जास्त खटपट पडते. हे मी खात्यात असताना फार जवळून पाहिलंय. मार्ग बंद करायला एक सही पुरते.

जाहिरातीतल्या बसबद्दल : घराच्या करारनाम्यात बसचा उल्लेख आहे का ते शोधा. असेल तर तो कागद वकिलाला दाखवा, तो वेगळा रस्ता आहे. नुसत्या जाहिरातीच्या जोरावर आता लढण्यात तुमची शक्ती जाईल असं मला वाटतं. ती शक्ती वनाझच्या फेरीसाठी लावा.

आता एकेका कामाकडे येऊ.

तुमच्या यजमानांचं डेक्कन. हे सगळ्यात सोपं आहे. वनाझहून बसायचं आणि डेक्कन जिमखाना स्थानकावर उतरायचं. आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज, मग डेक्कन. मधे गाडी बदलायची नाही. स्थानकात लिफ्ट आहे, सरकत्या जिन्याच्या वाट्याला जायचं कारणच नाही. काचबिंदूच्या माणसाला कडेचं नीट दिसत नाही, समोरचं दिसतं, म्हणून घरच्यांना अंदाज येत नाही आणि बसच्या पायरीवर घात होतो. मेट्रोत फलाट आणि डबा एका पातळीला असतात, पायरीच नाही. या एका कारणासाठी मी त्यांना बसपेक्षा मेट्रोच सांगेन. तिकीट खिडकीवर रोख पैसे देऊन मिळतं, कागदावर चौकोनी कोड असतो, तो गेटच्या काचेवर धरायचा. मोबाइलशिवाय काही अडत नाही. तिकीट १० ते ३५ रुपयांच्या दरम्यान असतं, शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत असते. तपासणीच्या दिवशी डोळ्यांत थेंब घातले तर बाहुली मोठी होते आणि काही तास उजेड सोसत नाही, जवळचं धूसर दिसतं. त्या दिवशी जाताना मेट्रो आणि येताना दवाखान्यापासून थेट घरापर्यंत रिक्षा, असंच ठरवा. तिथं पैसे वाचवू नका.

मंडई जरा विचार करून. भुयारी मेट्रो २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत सुरू झाली तेव्हापासून मंडईला स्वतःचं स्थानक आहे. पण वनाझहून येणाऱ्याला जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी लागते. तुमची गाडी वर, पुलावर येते. स्वारगेटकडे जाणारी जमिनीखाली जवळजवळ ३३ मीटर खोल आहे. लिफ्ट आहेत, पण एका लिफ्टनं थेट वरून खाली असं होत नाही, मधे चालावं लागतं. तुमचे गुडघे ठीक असतील तर जरूर करा, आणि घाई करू नका, एक गाडी गेली तरी दुसरी येते. गुडघे कुरकुरत असतील तर पुणे महानगरपालिका स्थानकावर उतरा आणि तिथून मंडईपर्यंत रिक्षा करा. तिघी मिळून केली तर प्रत्येकीला फार पडत नाही. परतताना पिशवी जड असते, तेव्हा तर रिक्षाच. आणि माहेरची माणसं भेटायला जाता तर मंगळवारी-शुक्रवारी मंडई ठेवू नका, भजनाच्या दिवशी दोन्ही करायला गेलात की एकाचीही मजा राहत नाही.

कोथरूडच्या भजनासाठी पीएमपी. वर्ग मेट्रो स्थानकापासून लांब असेल तर बस जवळ सोडेल. तुम्ही बऱ्याच वर्षांनी पीएमपीत चढणार, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

कोथरूड स्टँडला ड्युटी असताना मी रोज एक गोष्ट बघायचो. आजी येतात, दोन्ही हातांत पिशव्या. आधी एक पिशवी पायरीवर ठेवतात, मग दुसरी, मग दांडी धरायला हात वर करतात. तेवढ्यात मागच्या दारातून कंडक्टरची डबल बेल पडते. पिशव्या आत आणि आजी खाली, किंवा त्याहून वाईट, एक पाय आत आणि एक खाली. ड्रायव्हरचा दोष म्हणाल तर त्याला आरशात पायरीवरची पिशवी दिसते, माणूस दिसत नाही. म्हणून आधी हात, मग पाय, आणि पिशवी खांद्याला अडकवलेली. हातात काहीही नको, छत्रीसुद्धा नको. पाठीवरची छोटी सॅक घ्या, नातवंडं हसली तर हसू देत.

थांब्यावर बसच्या पुढच्या तोंडाच्या बाजूला उभं राहा आणि लांबूनच हात दाखवा. ड्रायव्हरशी नजर झाली की पुढच्या दारानं चढा. चढल्याबरोबर मोठ्यानं म्हणा, "बसू द्या, मग बेल मारा." लाजू नका. मी कंडक्टर असताना असं सांगणाऱ्या प्रवाशाचा मला कधी राग आला नाही, उलट बरं वाटायचं, कारण बसमध्ये पडलेल्या माणसाचा जबाब मलाच द्यावा लागायचा. ज्येष्ठांच्या राखीव जागेवर तरुण बसला असेल तर कंडक्टरला सांगा, स्वतः वाद घालू नका. उतरायचा थांबा यायच्या आधी उठून दाराशी जाऊ नका. गाडी थांबल्यावर उठा आणि "उतरायचंय" म्हणा. थांबेल. सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात गर्दी कमी असते. वर्गाची वेळ पुढंमागं होत असेल तर बाईंना विचारून बघा.

सगळ्या बसच्या पायऱ्या सारख्या नसतात हेही लक्षात ठेवा. शहरी बसच्या सरकारी मापांत तळाची उंची तीन प्रकारची धरलेली आहे, ४०० मिलिमीटर, ६५० आणि ९००. चारशेची गाडी म्हणजे जमिनीपासून दोन वितींच्याही आत. नऊशेची म्हणजे चांगले दोन हात, आणि तिथवर पायऱ्या चढून जायचं. ज्या गाडीची पायरी उंच दिसते ती सोडून द्या, मागून दुसरी येईल. "आपली पीएमपीएमएल" हे ॲप मुलाकडून फोनवर घालून घ्या, बस कुठं आली ते त्यात दिसतं. त्यामुळे थांब्यावर उन्हात ताटकळणं कमी होतं. ज्येष्ठांसाठी सवलतीचा मासिक पासही असतो. आधार कार्ड घेऊन पास केंद्रावर जा. पण आधी महिनाभर साधं तिकीट काढून बघा. ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये पडतात. आठवड्यात दोनच दिवस जाणार असाल तर पास परवडतो की नाही ते तुम्हालाच कळेल.

आता तो रस्ता. ताई, तुमच्या पत्रातलं हे सगळ्यात खरं वाक्य आहे आणि कमिटीनं ते ऐकलं नाही याचं मला वाईट वाटतं. चांदणी चौकाचा जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, नवे उड्डाणपूल १२ ऑगस्ट २०२३ ला खुले झाले. गाड्यांची कोंडी कमी झाली, हे मान्य. पण गाडी जितकी वेगात जाते तितकं पायी माणसाला पलीकडे जाणं अवघड होतं, आणि त्या कामात पायी माणसाचा विचार सगळ्यात शेवटी झाला असं माझं मत आहे. धावत ओलांडू नका. दोघा-तिघांच्या घोळक्यानं ओलांडा, आणि एकानं हात वर धरावा. जिथं ओलांडता येत नाही तिथं जाणाऱ्या दिशेची बस न घेता आपल्याच बाजूला रिक्षात बसा, ती वळून जाईल, चार पैसे जास्त पडतील.

आणि अर्ज करा. बावधन बुद्रुक ३० जून २०२१ ला महापालिकेत आलं, तेव्हा कर भरता तशी मागणीही करा. दोन वेगळे अर्ज लागतील. पहिला महापालिकेला, रस्ता ओलांडण्याच्या जागेसाठी : झेब्रा पट्टे, दुभाजकात उभं राहण्यापुरती जागा, आणि पायी माणसांचा सिग्नल. दुसरा पीएमपीच्या स्वारगेटच्या मुख्य कचेरीत वाहतूक व्यवस्थापकांना, प्रत कोथरूड आगाराच्या व्यवस्थापकांना. या दुसऱ्या अर्जाबद्दल खात्यातला माणूस म्हणून सांगतो. "आमच्या भागात बस सुरू करावी" असं लिहिलेले अर्ज ढिगानं येतात आणि ढिगातच राहतात. नवी बस म्हणजे नवी गाडी, नवे ड्रायव्हर-कंडक्टर, नवं शेड्यूल. ते कोणाच्याही हातात चटकन नसतं. तुम्ही असं लिहा : अमुक मार्गाची जी गाडी मुख्य रस्त्यानं जाते तिच्या सकाळी दहाच्या सुमाराच्या आणि दुपारी एकच्या सुमाराच्या फेऱ्या आमच्या गेटवरून वळवाव्यात. आमच्याकडे इतके ज्येष्ठ आहेत, इतके जण या वेळी रोज चढतील. गाडी वळायला अमुक ठिकाणी जागा आहे. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. बस कुठं वळणार हे कळलं नाही तर कंट्रोलर तो अर्ज पुढं पाठवतच नाही, मीही पाठवला नसता. वळायला जागा नसेल तर निदान तुमच्या बाजूला एक विनंती थांबा मागा. सह्यांसोबत वय लिहा. नुसत्या सह्यांपेक्षा ७३, ७९, ८२ असे आकडे वाचणाऱ्याला थांबवतात.

चांदणी चौकापर्यंत मेट्रो येणार आहे. वनाझच्या पुढच्या त्या विस्ताराला केंद्रानं २५ जून २०२५ ला मंजुरी दिली. चांगलीच गोष्ट आहे. पण कमिटीतलं कोणी "आता मेट्रो दारात येतेय, बस कशाला" म्हणालं तर त्याला विचारा, ती येईपर्यंत यजमानांच्या डोळ्यांनी थांबायचं का? मंजुरी आणि पहिली गाडी यांच्यात बरीच वर्षं जातात हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

ओला-उबरबद्दल. ज्याला फोनवर बोटं चालवता येतात त्याला ठीक आहे. पण ज्येष्ठांच्या सोसायटीत मला त्यापेक्षा लावून घेतलेली रिक्षा जास्त पटते. शाळेच्या मुलांना महिन्याची रिक्षा लावतात तशी. जवळच्या स्टँडवरचे दोन भरवशाचे रिक्षावाले गाठा, मंगळवार-शुक्रवार साडेनऊला गेटवर यायचं, परतीची वेळ ठरलेली, महिन्याचे पैसे महिन्याला. मीटरचा दर पुण्यात सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढं किलोमीटरला १७ असा आहे. ४ किलोमीटरला साधारण ६८ रुपये होतात. तिघात प्रत्येकी २३ च्या आसपास. त्यात माणूस ओळखीचा मिळतो, जिन्यापर्यंत पिशवी आणून देतो, आणि कोणी दिसलं नाही तर विचारतो. तुमच्या ड्रायव्हरची जी गोष्ट तुम्ही लिहिलीत ती अशीच परत मिळते, ॲपमधून नाही.

सोसायटीतल्या एखाद्या सज्जन गृहस्थानं "मी माझ्या गाडीनं नेतो, पेट्रोलचे पैसे द्या" असं म्हटलं असेल किंवा म्हणतील. मैत्रीत नेलं तर देव त्यांचं भलं करो. पण माणशी पैसे ठरवून रोज नेऊ नये. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं चालवायला परवाना नसतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच दाखवून हात वर करते. भलेपणा करणारा माणूस उतारवयात कोर्टाच्या पायऱ्या चढतो.

शेवटचं, आणि हे मी कमिटीसाठी लिहितो, त्यांना हे पान दाखवा. वर लिहिलेलं सगळं ज्यांना चालता येतं त्यांच्यासाठी आहे. तुमच्याकडे वॉकरवाले असतील, पार्किन्सन्सवाले असतील, विसरायला लागलेले असतील. त्यांच्यासाठी मेट्रो आहे, बस आहे असं म्हणणं म्हणजे त्यांनी घरात बसावं असं म्हणणं. त्यांच्यापुरती दारातून दारात नेणारी गाडी सोसायटीनं ठेवलीच पाहिजे, महिन्यातून मोजक्या वेळा का होईना, आणि तिचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलला पाहिजे. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

ताई, पहिल्यांदा जाल तेव्हा काम काढून जाऊ नका. मुलाला एका रविवारी बोलवा, तिघं मिळून वनाझ ते डेक्कन जाऊन या. लिफ्ट कुठं आहे, बाहेर पडल्यावर रिक्षा कुठं मिळते, बसायला बाक कुठं आहे, पाणी कुठं आहे, बघून ठेवा. मग पुढच्या वेळी तुम्ही शेजारणीला घेऊन जा. दर खेपेला एक जुनी आणि एक नवी अशी जोडी गेली तर सोसायटीतल्या बऱ्याच जणांची भीती मोडते.

प्रश्न : मी ठाण्याला असते. सासूबाई साताऱ्याला, वय ७६. त्यांच्या गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची गाडी होती, ती बंद पडली. आता त्या म्हणतात, एसटी फुकट आहे, मी एकटी ठाण्याला येते. खरंच फुकट आहे का, आणि त्यांना एकटीला येऊ द्यावं का?

उत्तर : खरंच आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे, साध्या लालपरीपासून शिवनेरीपर्यंत. ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. बायकांना तर १७ मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सोबत तुमची नणंद आली तरी तिचंही निम्मंच पडेल. जन्मतारीख असलेलं मूळ ओळखपत्र जवळ हवं. पैसे द्यायचे नसले तरी कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्यायचं. ते हातात असलं पाहिजे. तपासनीस चढला तर तेच दाखवायचं असतं. ही सवलत शहरातल्या बसला चालत नाही, म्हणून ठाण्यात उतरल्यावर टीएमटीत ती चालेल असं धरून चालू नका.

एकटीला येऊ द्यावं का, हे मी लांबून कसं सांगू? साताऱ्यात बसवून द्यायला एक माणूस आणि ठाण्यात उतरवून घ्यायला एक माणूस असेल तर मी येऊ देईन. तिकिटाचं आरक्षण आधी करून पुढची, दाराजवळची जागा घ्या. रात्रीची गाडी नको. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवायचं की आजी एकट्या आहेत, वाटेत गाडी थांबते तिथं उतरल्या तर त्या परत चढल्याशिवाय बेल मारू नका. हे सांगितलेलं कंडक्टर विसरत नाही. आणि बाई, त्यांना यायचंय ही किती चांगली गोष्ट आहे. गाडी बंद झाली म्हणून गप्प बसलेली माणसं मी जास्त पाहिलीत.

प्रश्न : दहिसरला राहतो, वय ६८. आमच्या मंडळाची व्हॅन अंधेरीपर्यंत जायची, ती थांबली. लोकलच्या गर्दीत शिरायची छाती होत नाही. काय करू?

उत्तर : लोकल सोडा. तुमच्याकडे मेट्रो २अ आणि ७ दोन्ही आहेत, अंधेरीच्या पश्चिमेला जायचं तर पहिली, पूर्वेला जायचं तर दुसरी. १ मे २०२३ पासून या दोन मार्गांवर ६५ वर्षांवरच्या प्रवाशांना २५ टक्के सवलत आहे, पण ती सुट्या तिकिटावर नाही, मुंबई १ कार्डावर घेतलेल्या ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर मिळते. पास ३० दिवसांचा असतो. महिन्यात तेवढ्या फेऱ्या होत नसतील तर साधं तिकीटच काढा. पुढच्या थोड्या अंतरासाठी बेस्ट घ्या आणि तिथंही पुढच्या दारानं चढा, ज्येष्ठांना ती मुभा आहे. मंडळाच्या व्हॅनमधले जुने सोबती कोण कोण आहेत त्यांना फोन करून एकच वेळ ठरवून घ्या.